मीटरवर २३० दाखवतंय, मग मोटर का उचलत नाही?

उन्हाळा लागला, विहिरीतलं पाणी खाली गेलं की गावोगावी एकच तक्रार सुरू होते: "लाइट आहे, पण व्होल्टेज नाही." वायरमन येतो, पेटी उघडतो, मल्टिमीटरच्या दोन सुया लावतो. आकडा येतो २२८, कधी पूर्ण २३०. "दाब तर पुरेसा आहे, तुमची मोटरच गेलीय," असं सांगून तो जातो. मग मोटर वर काढायची, रिवाइंडिंगच्या दुकानात न्यायची. तिथे ती टेबलावर मस्त फिरते. परत विहिरीत सोडली की पुन्हा घूं-घूं, आणि पाण्याचा पत्ता नाही.

यात मीटर बरोबर आहे आणि मोटरही धड आहे. दाब मोजला गेला तो मोटर बंद असताना, आणि बंद मोटरच्या पेटीवरचा २३० हा आकडा तारेबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. हे एकदा नीट कळलं की जळणारे प्लग, मंद होणारे दिवे, उन्हाळ्यात जळणाऱ्या मोटरी आणि मोटरच्या बॉडीला लागणारा शॉक हे सगळं एकाच हिशेबात बसतं. हिशेब एका गुणाकाराचा आहे.

दाब, प्रवाह, रोध

ठिबकची लाइन डोळ्यांसमोर आणा. पंपापाशी प्रेशर गेज आहे, तिथून मेन पाइप, मग सबमेन, मग लॅटरल आणि शेवटी ड्रिपर. पाण्याला पुढे ढकलतो तो दाब. दर तासाला किती लिटर पाणी वाहतं तो प्रवाह. आणि पाइपची लांबी, बारीकपणा, आतला गाळ हे सगळं मिळून पाण्याला जी आडकाठी होते तो रोध.

विजेतही हेच तिघे आहेत. व्होल्टेज म्हणजे दाब, मोजायचा व्होल्टमध्ये. करंट म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह, मोजायचा अँपियरमध्ये. रोध म्हणजे आडकाठी, मोजायची ओहममध्ये. तार जितकी लांब तितका रोध जास्त, जितकी जाड तितका कमी. धातूप्रमाणेही फरक पडतो: त्याच जाडीच्या अॅल्युमिनियमच्या तारेचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो.

पाण्याची उपमा एका ठिकाणी फसते, ते आधीच सांगून टाकतो. पाइप कापला तर पाणी बाहेर सांडतं. तार कापली तर प्रवाह थांबतो. विजेला जायची वाट जितकी लागते तितकीच परत यायचीही लागते. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत येतो, आणि जितका गेला तितकाच येतो. मोटर किंवा बल्ब करंट "खातो" असं आपण म्हणतो, पण अँपियर कमी होत नाहीत. वाटेत खर्च होतो तो दाब.

एक गुणाकार

जर्मनीतले एक शिक्षक, गेओर्ग ओहम, यांनी १८२७ मध्ये हे नातं पुस्तकरूपाने मांडलं:

व्होल्ट = अँपियर × ओहम

दोन ओहमच्या तारेतून ७ अँपियर न्यायचे असतील तर १४ व्होल्ट त्या तारेतच खर्च होतील. पुढे मिळणार ते २३० वजा १४, म्हणजे २१६. बहुतेक लोक हा नियम फक्त हीटर किंवा बल्बला लावतात. खरी गंमत तो तारेला, जोडाला, फ्यूजला, प्लगच्या पिनेला लावण्यात आहे, कारण वाटेतला प्रत्येक तुकडा आपापला वाटा दाबातून कापून घेतो आणि उरलेला पुढे सोडतो.

कापून घेतलेला हा दाब उष्णता होऊन बाहेर पडतो. ती किती, तर अँपियर गुणिले अँपियर गुणिले ओहम, उत्तर वॅटमध्ये. अँपियर यात दोनदा येतात हे विसरू नका. करंट दुप्पट झाला तर तारेतली उष्णता चौपट होते.

मग मोटर बंद असताना पूर्ण २३० का दिसतात?

ठिबकची लाइन अर्धी गाळाने तुंबलीय असं समजा. शेवटचा व्हॉल्व्ह बंद ठेवून शेवटी गेज लावलं तर काय दिसेल? पूर्ण दाब, पंपापाशी आहे तितकाच. पाणी वाहतच नाही, तर गाळ अडवणार कोणाला? व्हॉल्व्ह उघडा, आणि गेजचा काटा धपकन खाली येईल.

विजेतही हाच प्रकार. मोटर बंद असताना करंट शून्य. शून्य गुणिले कितीही ओहम म्हणजे शून्य. मल्टिमीटर स्वतः जो करंट घेतं तो इतका नगण्य असतो की त्याचा उपयोग नाही: नेहमीच्या डिजिटल मीटरचा आतला रोध १ कोटी ओहमच्या घरात असतो, म्हणजे २३० व्होल्टला ते एका अँपियरच्या जेमतेम २३ दशलक्षांशाइतका करंट घेतं. वाटेत ५० ओहमचा गंजलेला जोड असला तरी या करंटने त्यावर एक-सव्वा मिलिव्होल्ट उतरतो. मीटर म्हणणार २३०. त्याच जोडातून मोटरने मागितलेले सात अँपियर जाणं मात्र शक्यच नाही.

म्हणून जुने वायरमन टेस्टरवर विश्वास न ठेवता होल्डरला दोन वायरी लावलेला शंभरचा बल्ब बरोबर ठेवत. तो जवळजवळ अर्धा अँपियर करंट घेतो, म्हणजे ५० ओहमच्या त्या जोडावर २० व्होल्टच्या आसपास उतरतात आणि बल्ब डोळ्यांना दिसेल इतका मंद पेटतो. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. तो करंट फार थोडा घेतो, आणि आतलं सर्किट दाब कमी झाला तरी उजेड टिकवून धरतं.

दीड एमएम की चार एमएम?

आता खरे आकडे घेऊ. एक एचपीची सिंगल फेज मोटर, चालताना साधारण ७ अँपियर घेते (नेमका आकडा मोटरच्या नेमप्लेटवर असतो, तोच धरावा). घराच्या मीटरपासून विहीर १०० मीटरवर. करंट जाऊन परत येणार, म्हणून तार धरायची २०० मीटर. इथेच पहिली चूक होते. अनेकजण शंभरच धरतात आणि हिशेब निम्म्यावर येतो.

दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या) तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम. २०० मीटरला झाले २.४२ ओहम. सात अँपियरने गुणा: १७ व्होल्ट. मोटरकडे पोचले २१३. तारेत उष्णता होऊन गेले सुमारे ११९ वॅट. सहा तास मोटर चालली तर रोज पाऊण युनिटच्या आसपास वीज तारेतच गेली, आणि तिचंही बिल भरायचंच आहे.

अडीच एमएम घेतली तर किलोमीटरला ७.४१ ओहम, घट १० व्होल्टच्या थोडी वर. चार एमएमला ४.६१ ओहम, घट साडेसहा व्होल्ट आणि तारेतली नासाडी ४५ वॅट. जाड तार महाग पडते, पण ती एकदाच महाग पडते.

अॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर असेल तर लक्षात ठेवायला सोपं आहे: चार एमएमचं अॅल्युमिनियम म्हणजे अडीच एमएमचं तांबं. रोध जवळपास सारखाच.

(एसीमध्ये मोटरचा करंट दाबाच्या थोडा मागे रेंगाळतो, त्यामुळे प्रत्यक्ष घट या आकड्यांपेक्षा थोडी कमी भरते. तार निवडायला हा हिशेब पुरतो, आणि चुकला तर सुरक्षित बाजूलाच चुकतो.)

सतरा व्होल्टची घट चालताना सोसते. खरी अडचण सुरू होतानाच्या दोन सेकंदांत आहे.

बटण दाबल्याचा क्षण

उभी मोटर सुरू होताना चालतानाच्या पाचेक पट करंट मागते. सातच्या जागी ३५ अँपियर. दीड एमएमच्या त्याच तारेत ३५ गुणिले २.४२ म्हणजे ८५ व्होल्ट उतरायला हवेत. प्रत्यक्षात दाब उतरला की उभ्या मोटरचा करंटही उतरतो, त्यामुळे दोन्ही मध्येच कुठेतरी स्थिरावतात: करंट २५-२६ अँपियर, घट ६० व्होल्टच्या आसपास, मोटरला मिळाले १७०.

सुरू होतानाचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १७० भागिले २३० म्हणजे ०.७४, त्याचा वर्ग ०.५५. मोटरला निम्म्याहून जेमतेम जास्त जोर मिळाला. इंपेलरमध्ये थोडी वाळू बसली असेल किंवा कपॅसिटर जुना झाला असेल तर तेवढ्या जोरात ती उचलत नाही. घूं-घूं तो हाच. आणि ती जितका वेळ घूं-घूं करते तितका वेळ वाइंडिंगमधून २५ अँपियर वाहतात, म्हणजे नेहमीच्या साडेतीन पटींहून जास्त. वर्ग केला तर उष्णता तेरा पट. ओव्हरलोड रिले नसेल किंवा कोणी तो सेटिंग वाढवून निकामी केला असेल, तर वाइंडिंगचा वार्निश काही मिनिटांत करपतो.

दुकानातल्या टेबलावर मोटर का फिरली, तेही यात आलं. तिथे तार दोन मीटरची होती आणि वर पाण्याचा भार नव्हता.

"व्होल्टेज कमी तर करंटही कमी, मग कमी व्होल्टेजने मोटर जळते कशी?"

हा प्रश्न ज्याला पडतो त्याने ओहमचा नियम नीट वाचलाय. गीझरच्या बाबतीत तो शंभर टक्के बरोबर आहे. दोन किलोवॅटच्या गीझरचा रोध सुमारे २६.५ ओहम. २३० व्होल्टला ८.७ अँपियर घेतो. २०० व्होल्टला ७.५ च्या आसपास घेईल, आणि ताकद दोन हजारवरून पंधराशे वॅटवर येईल. दाब १३ टक्क्यांनी घटला, ताकद २४ टक्क्यांनी. पाणी तापायला वेळ लागेल, पण गीझरला काही होणार नाही.

फिरती मोटर निराळी वागते. तिच्या वाइंडिंगचा रोध मल्टिमीटरने मोजला तर जेमतेम काही ओहम भरतो. चार धरला तर २३० भागिले ४ म्हणजे ५७ अँपियर यायला हवेत. येतात मात्र सात. कारण फिरणारी मोटर स्वतःच्या आत एक उलटा दाब तयार करते आणि तो बाहेरून आलेल्या दाबाचा बराचसा भाग रोखून धरतो. वाइंडिंगमधून करंट ढकलायला उरतो तो थोडा.

बाहेरचा दाब कमी झाला तरी पाणी वर चढवायचं काम तितकंच असतं. मोटर जराशी मंदावते आणि तेच काम पार पाडण्यासाठी जास्त करंट ओढते. सातच्या जागी साडेआठ अँपियर झाले तर वाइंडिंगमधली उष्णता ४७ टक्क्यांनी वाढली. हे तासन् तास चाललं की मोटर जळते. म्हणजे उभी मोटर साध्या रोधासारखी वागते, दाब घटला की करंट घटतो. फिरती मोटर नेमकी उलट वागते.

वाढलेल्या करंटने तारेतली घट आणखी वाढते, मोटरकडचा दाब आणखी पडतो, करंट आणखी वाढतो. सीमेवर चाललेली मोटर या फेऱ्यात एकदा अडकली की अचानक थांबते.

अर्धा ओहम, आणि जळालेला प्लग

आता घरात येऊ. दोन किलोवॅटचा गीझर, १६ अँपियरचा सॉकेट, पण सॉकेटमधली पितळी पट्टी सैल पडलीय. पिन हलते, टोकाला टेकते एवढंच. त्या सांध्याचा रोध अर्धा ओहम धरा.

८.७ अँपियर गुणिले अर्धा ओहम: ४ व्होल्टच्या थोडं वर. गीझरला २३० ऐवजी २२६ मिळाले. कोणाच्याही लक्षात येणार नाही.

आता उष्णता काढा: ८.७ गुणिले ८.७ गुणिले ०.५, म्हणजे ३८ वॅट. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कथील वितळवायची जी लोखंडी डागणी असते ती बहुतेक वेळा २५ वॅटची असते. तिच्याहून दीडपट उष्णता तुमच्या भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या डब्यात, हरभऱ्याएवढ्या जागेत, आंघोळीला पाणी तापेपर्यंत रोज तयार होतेय. आधी पिन काळी पडते. काळा थर म्हणजे ऑक्साइड, त्याचा रोध आणखी जास्त. उष्णतेने पट्टीतली ताणशक्ती जाते, ती आणखी सैल होते. प्लॅस्टिक पिवळं, मग तपकिरी, मग माशासारखा वास. तो वास आला की गीझर बंद करून सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. नुसता प्लग बदलला तर जुनी सैल पट्टी नवा प्लगही जाळते.

अॅल्युमिनियमच्या जोडांचं दुखणं याच जातीचं, फक्त जास्त चिवट. अॅल्युमिनियम उघडं पडताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. शिवाय स्क्रूखाली तो धातू हळूहळू दबत जातो, त्यामुळे आज घट्ट केलेला जोड वर्षभराने सैल निघतो. अॅल्युमिनियमची तार थेट तांब्याला पिळून वर टेप गुंडाळला आणि त्यात ओल शिरली, की अॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते. विहिरीवरच्या पेटीत, खांबावरच्या जोडात ही भुकटी दिसली तर ती तार मागे खरवडून पुन्हा पिळण्यात अर्थ नाही. दोन धातूंसाठी मिळणारा बायमेटॅलिक लग लावून तो क्रिंपिंग मशीनने दाबून घ्यावा.

"एमसीबी आहे ना, ती पडेल की"

नाही पडणार. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा खटका, पाहते फक्त अँपियर. सैल जोडाने रोध वाढवला, म्हणून करंट किंचित कमीच झालाय, ८.७ चा ८.५ वगैरे. एमसीबीच्या नजरेत सगळं आलबेल आहे. ती तारेला जास्त करंटपासून वाचवते. एका ठिकाणी साचणारी उष्णता तिला दिसत नाही. त्यामुळे घरातले मोठे जोड वर्षातून एकदा मेन बंद करून वायरमनकडून घट्ट करून घेणं याला पर्याय नाही.

गुंडाळून ठेवलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच. पसरलेली तार हवेत थंड होते, वेटोळ्यातली आतल्या आत तापते. तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रोध सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांवरून ७० वर गेलं की वीसेक टक्के. इस्त्री किंवा हीटर लावायचा असेल तर तार पूर्ण उलगडा.

स्टॅबिलायझर लावून प्रश्न सुटतो का?

स्टॅबिलायझर दाब तयार करत नाही, तो देवाणघेवाण करतो. १७० व्होल्ट घेऊन २२० देतो, पण त्यासाठी लाइनमधून १.३ पट करंट ओढतो. लाइनचा रोध तोच असल्यामुळे वाढलेल्या करंटने घट वाढते आणि १७० चे १६० होतात. फ्रिज किंवा टीव्ही यांचा करंट थोडा, तिथे हे चालून जातं. मोटरसारख्या मोठ्या भाराला, बारीक आणि लांब तारेवर, स्टॅबिलायझर दुखणं तारेत ढकलतो. त्याच फेजवरच्या शेजाऱ्याला आणखी कमी दाब मिळतो. मग तोही स्टॅबिलायझर आणतो.

घट कुठे होतेय ते शोधायचं कसं

हे मोजमाप चालू लाइनवर होतं, त्यामुळे ते वायरमनकडूनच करून घ्या. पण काय मोजायला सांगायचं ते आपल्याला माहीत असावं.

पहिला आकडा: मोटर बंद, पेटीवर किती व्होल्ट. दुसरा: मोटर चालू, त्याच जागी किती. तिसरा: मोटर चालू असतानाच घराच्या मीटरपाशी किती. सोबत टाँग टेस्टरने, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने, अँपियर घ्या.

समजा पेटीवर बंद असताना २३०, चालू असताना १८८, आणि मीटरपाशी चालू असताना २२५. म्हणजे डीपीपासून (गावाला वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून) मीटरपर्यंत ५ व्होल्ट गेले आणि मीटरपासून विहिरीपर्यंत ३७. करंट ८ अँपियर असेल तर त्या टप्प्याचा रोध ४.६ ओहम. तुमची तार अडीच एमएमची, शंभर मीटर, म्हणजे हिशेबाने दीड ओहम हवा. उरलेले तीन ओहम कुठल्यातरी जोडात दडलेत. तिथे १९० वॅटच्या वर उष्णता तयार होतेय. तो जोड शोधायला मीटरही लागणार नाही: मोटर थांबवून, मेन काढून, लाइन बंद असल्याची खात्री केल्यावर सांध्यांची इन्सुलेशन टेप बघा, एखाद्या ठिकाणी ती वितळून चिकट झालेली असेल.

याउलट मीटरपाशीच चालू असताना १९० दिसत असेल तर तुमची तार निर्दोष आहे. घट डीपीच्या बाजूला आहे, आणि तक्रार वीज कंपनीकडे करायची. तीन आकडे हातात असतील तर ती तक्रार नुसत्या "व्होल्टेज नाही" पेक्षा कितीतरी वजनदार होते.

आणखी एक चाचणी फार थोडे लोक करतात. मोटर चालू असताना मल्टिमीटरच्या दोन्ही सुया एकाच फ्यूजच्या दोन टोकांना लावायच्या. फेज आणि न्यूट्रल नाही, एकाच तारेचा अलीकडचा आणि पलीकडचा भाग. चांगल्या फ्यूजवर काही दशांश व्होल्टही दिसायला नकोत. दोन व्होल्ट दिसले तर सात अँपियरला तिथे १४ वॅट जळताहेत, आणि तो फ्यूज लवकरच तुम्हाला रात्री शेतात बोलावणार आहे.

तार ठीक, जोड ठीक, तरी संध्याकाळी दाब पडतो

कारण डीपीपासूनची लाइन सगळ्यांची सामाईक आहे. तिच्यातून तुमचे सात अँपियर जात नाहीत, सगळ्यांचे मिळून जातात. शेतीची वीज पाळीने येते. ती येताच ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होतानाचा पाचपट करंट सगळ्या एकदम मागतात. दाब इतका कोसळतो की एकही धड उचलत नाही. सगळ्या घूं-घूं करत राहतात. कधी मोटर जळते, कधी डीपीच जळतो आणि मग आठवडा-आठवडा सगळ्यांचंच पाणी बंद. ऑटो स्विच काढून टाका असं सतत सांगितलं जातं ते यासाठी. रात्री-अपरात्री शेतात जायचा त्रास वाचावा म्हणून तो लावला जातो, ही अडचण खरी आहे. निदान प्रत्येकाने स्टार्टरला वेगवेगळ्या वेळेचा टायमर बसवला, कोणी दोन मिनिटांचा, कोणी पाचचा, तरी फरक पडतो.

कपॅसिटरचाही उपयोग इथेच. मोटर जो मागे रेंगाळणारा करंट ओढते त्याचा भाग कपॅसिटर जागेवरच पुरवतो, त्यामुळे लाइनमधला करंट घटतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाचा वाटा, ०.७५ वरून ०.९५ वर नेला तर लाइनचा करंट पाचव्या हिश्शाने कमी होतो. फायदा कपॅसिटरच्या अलीकडच्या तारेलाच मिळतो, पलीकडच्या नाही. म्हणून तो मीटरपाशी न लावता शक्य तितका मोटरजवळ, स्टार्टरला लावावा.

मुळातला उपाय लाइनमधला करंट कमी करण्याचा आहे, आणि तो होतो दाब वाढवून. तीच ताकद ४१५ व्होल्टऐवजी ११ हजार व्होल्टने नेली तर करंट साडेसव्वीस पटींनी कमी लागतो, आणि त्याच तारेत नासाडी त्याच्या वर्गाने, म्हणजे सुमारे सातशे पटींनी कमी होते. महावितरणने कृषिपंपांसाठी आणलेली उच्चदाब वितरण प्रणाली, एचव्हीडीएस, हीच कल्पना वापरते: ११ हजारची लाइन थेट शेतापर्यंत आणायची आणि एक-दोन शेतकऱ्यांसाठी एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा. कमी दाबाची तार जेमतेम काही मीटर उरते.

एका घरात दिवे मंद, शेजारी टीव्ही जळाला

खांबावरचा न्यूट्रल तुटला की हे घडतं. दोन घरं दोन वेगळ्या फेजवर आहेत. न्यूट्रल गेला तर करंट एका घरातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो, म्हणजे दोन घरं एकापुढे एक जोडली जातात आणि त्यांच्यात दोन फेजमधले ४०० व्होल्ट वाटले जातात. वाटणी होते रोधाच्या प्रमाणात. एका घरी गीझर चालू, रोध २५ ओहम. दुसऱ्या घरी टीव्ही, पंखे, दिवे. रोध १०० ओहम. करंट ४०० भागिले १२५, म्हणजे ३.२ अँपियर. गीझरवाल्याला मिळाले ८० व्होल्ट. टीव्हीवाल्याला ३२०.

दिवे अचानक प्रखर किंवा एकदम मंद झाले आणि शेजारी उलट चित्र असेल, तर काहीही तपासत बसू नका. आधी मेन स्विच बंद करा.

मोटरच्या बॉडीला शॉक, आणि तरी फ्यूज शाबूत

माणसाला मारतो तो करंट, दाब नव्हे, असं म्हणतात. ते बरोबर आहे, पण करंट किती वाहील ते दाब आणि रोधच ठरवतात. मोटारसायकलच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला कोरड्या हाताने धरलं तर काही जाणवत नाही, कारण कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो. ओल्या अंगाचा तो हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपियर, म्हणजे २३० मिलिअँपियर. हृदयाचा ठेका बिघडवायला याहून बराच कमी करंट पुरतो. विहिरीवरचा माणूस अनवाणी असतो, ओल्या मातीत उभा असतो, हातही ओले असतात.

अर्थिंग आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असं बहुतेकांना वाटतं. हिशेब करा. मोटरची वाइंडिंग बॉडीला लागली. बॉडीवरून करंट अर्थिंगच्या तारेने जमिनीत, तिथून डीपीच्या अर्थिंगमधून परत. तुमच्या खड्ड्याचा रोध १८ ओहम, डीपीच्या बाजूचा २. एकूण २०. करंट ११.५ अँपियर. मध्ये १६ अँपियरची एमसीबी आहे. तिला हा करंट नेहमीच्या भारासारखा वाटतो, ती पडत नाही. आणि १८ ओहमवर ११.५ अँपियरने उतरतात २०७ व्होल्ट. तेच मोटरच्या बॉडीवर, लोखंडी पाइपवर उभे आहेत, तासन् तास, अर्थिंग जोडलेलं असताना. विहिरीवरची माणसं अशीच जातात, आणि दर वेळी घरचे सांगतात की अर्थिंग होतं.

खड्ड्यात मीठ-कोळसा घालणं, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतणं, गंजलेला नटबोल्ट बदलणं या सगळ्याने तो १८ चा आकडा खाली येतो आणि ते करायलाच हवं. पण नुसत्या एमसीबीला पाडण्याइतका तो कमी होईल यावर विसंबू नये. काही ठिकाणी अर्थ म्हणून न्यूट्रलच बॉडीला जोडतात. ते कधीही करू नका. न्यूट्रल तुटला की अख्खी बॉडी फेजवर येते.

इथे लागते ती आरसीसीबी. ती एकूण अँपियर बघत नाही, फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांतला फरक बघते. ३० मिलिअँपियर फरक पडला की पाडते. अर्थिंग अगदी वाईट, १०० ओहमचं असलं तरी बॉडीतून २.३ अँपियर गळतील, म्हणजे तिच्या मर्यादेच्या पंचाहत्तर पटींहून जास्त, आणि माणूस हात लावायच्या आधीच ती पडेल. बाजारात १०० आणि ३०० मिलिअँपियरच्याही मिळतात. माणसाच्या जिवासाठी घ्यायची ती ३० चीच. तिच्यावर टेस्टचं एक छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा, लाइन चालू असताना दाबायचं. दाबल्यावर खटका पडला नाही, तर ती आरसीसीबी बदलेपर्यंत त्या मोटरला हात लावू देऊ नका.